साहेबांचा बुधवारचा डबा

आमच्या घरात फ्लश ओढला की कोणी ना कोणी म्हणतं, "गेलं तलावाले." माझा मुलगा म्हणतो, आमचे हे म्हणतात, आणि अगदी टेंभरे साहेबांच्या चालीवर, शेवटचं अक्षर ओढून. पाहुणे हसतात. त्यांना वाटतं, घरातला काही विनोद असेल. विनोद आहे खरा, पण ज्यांचा आहे त्यांनी तो एकदाही हसत म्हटला नव्हता. साहेब जाऊन आता वर्ष होत आलं. मला अलीकडे ते वाक्य म्हणवत नाही.

साहेब आमचे शेजारी. दोन घरांमध्ये एकच भिंत, छातीएवढी. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून ते मला मॅडम म्हणायचे आणि सगळं गाव म्हणायचं म्हणून मी त्यांना साहेब. गावाच्या पाण्याचं आणि गटारांचं काम त्यांच्याकडे होतं. त्यात पाण्याबद्दल कोणी त्यांना कधी शाबासकी दिली नाही आणि गटाराबद्दल शिव्या द्यायचं कोणी सोडलं नाही. गावाचं नाव सांगत नाही. गोंदिया जिल्ह्यातली बरीच गावं अशीच आहेत: वर वस्ती, उताराला तलाव आणि तलावाच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं.

माणूस उंच, पण वाकून चालणारा. जन्मभर गटारात डोकावल्यानं पाठ तशीच राहिली असं त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या. पँट कायम घोट्याच्या वर दुमडलेली. लग्नाला जातानाही काकूंनी इस्त्री करून दिलेली पँट ते मांडवापर्यंत नीट नेत आणि तिथं बसल्याबरोबर दुमडून घेत. नाक मोठं आणि फार तिखट. रस्त्यात भेटले की "काय चाललं" वगैरे नाही. थांबायचे, मान वर करायचे आणि विचारायचे, "वास आला का?" आला म्हटलं तर कुठून, कोणत्या वेळेला, आंबूस की सडका, अशी उलटतपासणी. नाही म्हटलं तर जरा हिरमुसायचे. आमच्याकडे नवीन सून आली होती, माझ्या दिराची, तिला पहिल्याच भेटीत त्यांनी हा प्रश्न विचारला. बिचारी दोन दिवस स्वतःच्याच साडीचा वास घेत होती.

कोणाच्याही घरी गेले आणि आतून फ्लशचा आवाज आला की बोलणं थांबवून म्हणायचे, "गेलं तलावाले." मग बोलणं जिथं थांबलं तिथून पुढं. सुरुवातीला हे वाक्य ते मान ताठ करून म्हणत. तेव्हा ते खरंच तलावाला जात होतं आणि वाटेत स्वच्छ होत होतं. ती सोय साहेबांनीच केली होती.

त्याआधी गावाचं सांडपाणी नाल्यानं बोंबलत कुठंही जायचं. साहेबांनी सगळी गटारं एका पाइपात आणायची, खालच्या तलावाच्या काठावर शुद्धीकरणाचा प्लांट बसवायचा आणि साफ झालेलं पाणी तलावात सोडायचं असं ठरवलं. वर्षानुवर्षं मुंबईपर्यंत कागद हलवून त्यांनी ते मंजूर करून आणलं. मंजुरी आली तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले. गटाराचे पेढे म्हणून काही लोकांनी घेतले नाहीत.

पण तलावावर ज्यांचं पोट होतं ते ढिवर लोक अडून बसले. तलावात मासोळी सोडायची, वाढवायची आणि धरून बाजारात विकायची हे त्यांचं पिढ्यांचं काम. त्यांच्यात यशोदाबाई मारबते म्हणून एक बाई होती, बुधवारच्या बाजारात पिंपळाखाली बसायची. काटक, बारीक, आवाज मात्र बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बैठक झाली, तिथं मीही कॉलेजची पोरं घेऊन गेले होते. साहेबांनी नकाशा उघडला, हवा मारणारी यंत्रं कशी फिरतील आणि घाण कशी खाली बसेल ते समजावलं. यशोदाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "साहेब, तुमचं सब बराबर असल जी. पन गावाच्या संडासाचं पानी ज्या तलावात पडते, त्याची मासोरी तुमी घरी न्याल का?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पँट दुमडलेली होतीच, पाळीवरून उतरले आणि तलावात गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. ओंजळीत पाणी घेतलं. आमच्याकडे हातात पाणी घेऊन बोललेला शब्द मागे घेत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणाले, "मी पोवाराचा पोरगा, मासोळीशिवाय मले जेवन जात नाही. प्लांट सुरू झाला का मी याच तलावाची मासोळी खाईन. दुसऱ्या कोन्या पान्याची खानार नाही." ओंजळ सोडली. यशोदाबाई म्हणाली, "मंग ठीक आहे." बैठक तिथंच संपली.

तेव्हापासून बुधवारी साहेबांच्या हातात डबा आला. स्टीलचा, गोल, कडी असलेला. ऑफिसातून अर्धा तास सुटी काढून बाजारात यायचे, पिंपळाखाली उकिडवे बसायचे आणि कातला, रोहू, जे असेल ते डब्यात घ्यायचे. झाकण मुद्दाम लावायचे नाहीत. उघडा डबा छातीपाशी धरून सगळ्या बाजारातून चालत जायचे, म्हणजे ज्याला पाहायचं त्याला पाहता यावं. पहिली काही वर्षं पाहण्यासारखंच होतं. प्लांटमधून निघणारं पाणी खरंच नितळ असायचं. साहेब शाळांच्या सहली तिथं नेत, पोरांना ग्लासात पाणी दाखवत आणि हट्टानं वास घ्यायला लावत. बाजारात गिऱ्हाईक विचारी, "कोनत्या तलावाची?" आणि यशोदाबाई ठणकावून सांगे, "साहेब खाते त्या तलावाची!"

चूक कुठं झाली ते साहेबांनी मला नंतर एकदा भिंतीपलीकडून सांगितलं, दोन्ही कोपर भिंतीवर टेकून. आमच्या भागातला तलाव म्हणजे नुसतं साठलेलं पाणी नाही. पाळीत खाली एक दार असतं, त्याला तुडुम म्हणतात. धानाला पाणी लागलं की तुडुम उघडतात, तलाव बांध्यांमध्ये उतरतो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरतो. दरवर्षी जुनं पाणी जातं आणि नवीन येतं. साहेबांनी सगळा हिशेब त्यावर बसवला होता. प्लांटमधून थोडीफार घाण निसटली तरी वर्षात वाहून जाईल, धानाला खतच होईल.

पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. वीज गेली की यंत्रं बंद आणि पाणी जसंच्या तसं तलावात. एका वर्षी नेमकं रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत वादळानं खांब पडले. तलावाचं पाणी बांध्यांत होतं, बाया दिवसभर त्यात उभ्या राहून रोवणी करत होत्या. त्यांच्या पायांना खाज सुटली, पुढे फोड आले. दुसऱ्या दिवशी एकही बाई त्या बांध्यांत उतरायला तयार होईना. शेतकऱ्यांनी जाऊन तुडुम बंद केला आणि तो पुन्हा उघडलाच नाही. ज्यांना जमलं त्यांनी बोअर मारले, बाकीचे पावसावर राहिले.

"मॅडम," साहेब म्हणाले, "मी सगळा विचार केला होता. पाइप फुटला तं, यंत्र बिघडलं तं, सगळं. पन धानाले पानी नोको म्हननारा कास्तकार असू शकते हे माह्या डोक्यातच नाही आलं. माह्या बापाले असं सांगितलं असतं तं त्यानं माही नजर काढली असती." ते हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.  मी भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ नखानं काढत राहिले.

तुडुम बंद झाला आणि तलाव थांबला. त्यात साहेब रिटायर झाले. प्लांट ज्या ठेकेदाराकडे चालवायला गेला त्याला विजेचं बिल जड वाटू लागलं, म्हणून वीज असतानाही यंत्रं बंदच राहू लागली. कोणी मोठा माणूस पाहायला येणार असला की सकाळपासून घरघर सुरू. आम्हाला घरात बसून कळायचं, आज कोणीतरी येतंय. साहेबांनी अर्ज केले, जुन्या ऑफिसात खेटे घातले. तिथं त्यांच्याच हाताखालची माणसं त्यांना चहा पाजायची आणि उद्या बघतो म्हणायची. तलाव हिरवा झाला, मग काळपट. उन्हाळ्यात रोहू आणि कातला पांढऱ्या पोटांनी काठाला लागायचे. घाणीतही तग धरणारी मागूर तेवढी राहिली.

साहेब मागूर खाऊ लागले.

काकूंनी ती मासोळी स्वयंपाकघरात घ्यायला साफ नकार दिला. घरात दोघं त्यांची पोवारी बोली बोलत, मला सगळं कळायचं नाही, पण त्या भांडणाला भाषा लागत नव्हती. मग साहेब अंगणात, भिंतीलगत, स्वतः स्टोव्ह पेटवून रांधायचे. लसूण, तिखट, जवस सगळं दुप्पट घालायचे, तरी तो वास भिंतीवरून यायचाच. मी एकदा न राहवून विचारलं, "साहेब, कशी लागते हो?" ते कढईतून वर न पाहता म्हणाले, "जशी केली तशी लागते." एकदा त्यांनी मला वाटी दाखवली. मी सरळ नको म्हटलं. "बरं केलं," म्हणाले आणि खरंच त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. पोट बिघडायचं, दोन दिवस लोळत पडायचे, पण पुढच्या बुधवारी डबा घेऊन निघायचे. "गेलं तलावाले" आता ते खाली मान घालून म्हणत. आमच्या घरातून फ्लशचा आवाज त्यांच्या अंगणात स्पष्ट जायचा. ते कढई हलवत असताना तो आवाज झाला की मला खूप लाज वाटे. मी घरात सांगून ठेवलं होतं, बुधवारी दुपारी जरा थांबा. वाक्य ऐकायला नको म्हणून हो, दुसरं काय. तलावाला जायचं ते संध्याकाळी जायचंच.

गाव त्यांना हसत होतं. पण हसणारं गाव मासोळी घेतच होतं, हे मात्र साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. मागूर स्वस्त मिळायची. दोन मिनिटं घासाघीस झाली की यशोदाबाई तिचं जुनं वाक्य टाके, "साहेब खाते त्या तलावाची!" आणि उघडा डबा छातीशी धरलेले साहेब समोरून जातच असायचे. आता ते डबा उघडा ठेवत ते लाजेनं, स्वतःला शिक्षा म्हणून. पण बाजाराला त्यातला फरक कसा कळणार?

एका बुधवारी मी पिंपळाजवळ भाजी घेत होते. साहेब उकिडवे बसले, डबा पुढे केला. यशोदाबाईनं हात मासोळीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"साहेब, तुमी आता खाऊ नोका जी," ती म्हणाली. आवाज खाली होता, तिचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"काऊन? शब्द देल्ला आहे मी."

"तुमी शब्द पाळून राह्यले म्हून तं झालं ना सारं. तुमी खाता म्हून लोक घेतेत. लोक घेतेत म्हून आमी धरून राह्यलो. कोनीच घेतली नसती तं आमचं सारं ढिवरवाडं कवाच त्या पाइपाच्या तोंडावर जाऊन बसलं असतं. आता काऊन बसाव? धंदा तं चालू आहे."

साहेबांनी पुढे केलेला डबा मागे घेतला. मग म्हणाले, "मी बंद करतो म्हनलं तं तुमचा बाजार बसल."

"बसल," ती म्हणाली. "मले काय समजत नाही का?"

त्या दिवशी डबा रिकामा गेला. पुढच्या आठवड्यात साहेबांनी गावात तोंडी सांगावा धाडला की पाळीवर या. फार लोक आले नाहीत. ढिवर आले, काही शेतकरी, दोन-तीन मास्तर. काकू घरी राहिल्या. साहेब पाण्यात उतरले, पण गुडघ्यापर्यंत नाही, काठालाच थांबले. ओंजळीत ते काळपट पाणी घेतलं आणि म्हणाले, "मी शब्द मोडून राह्यलो. ही मासोळी खाऊ नोका. मी खाल्ली, ते चुकलं."  ओंजळ सोडून पाळीवर आले आणि चपला सापडेनात म्हणून इकडेतिकडे पाहत राहिले. चपला त्यांच्या पायापाशीच होत्या.

मग साहेब ढिवरांबरोबर पाइपाच्या तोंडावर धरणं धरून बसले. ज्या प्लांटचे पेढे वाटले त्याच्याच दारात, सतरंजीवर, पँट दुमडून. त्याचा उपयोग झाला. वरून माणसं आली, ठेकेदार बदलला, यंत्रांची घरघर रोजची झाली, वीज गेली तर चालवायला जनरेटर आला. पण तलाव असा एका पावसात धुतला जात नाही. तुडुम अजून बंदच होता. शेतकरी म्हणायचे, अजून थोडे दिवस जाऊ द्या. आणि बाजारात त्या तलावाच्या मासोळीला कोणी हात लावेना. साहेबांचा शब्द गावानं एकदा ऐकला होता, तसाच दुसऱ्यांदाही ऐकला.

यशोदाबाई आता बर्फातली मासोळी विकू लागली, खोक्यातून ट्रकनं येणारी, आंध्राची. पिंपळ तोच, पण गिऱ्हाईक कमी, कारण तशी मासोळी चार ठिकाणी मिळते. ढिवरवाड्यातली जवान माणसं कामाला बाहेर गेली, कोणी तिरोड्याला, कोणी सडक अर्जुनीच्या ढाब्यांवर. एकानं साहेबांना रस्त्यात अडवून विचारलं, "पयले पाइप आनला, मंग बाजार बंद केला. आता काय बाकी आहे जी?" साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. वास आला का, हे मात्र त्यांनी कोणाला विचारायचं सोडून दिलं.

त्यांनी मासोळीही सोडली. काकूंनी एकदा बर्फातली आणली, कौतुकानं रांधली. ते ताटावरून उठले. म्हणाले, शब्द दोन होते: या तलावाची खाईन आणि दुसरी खाणार नाही. एक मोडला, दुसरा तरी राहू द्या. काकू मला भिंतीवरून सांगत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "सांगा बाई, याला काय म्हणायचं," म्हणाल्या.  पण बुधवारी डबा घेऊन बाजारात जाणं त्यांनी बंद केलं नाही. पिंपळाखाली जायचे, यशोदाबाईकडे पाहायचे, ती मान हलवायची, म्हणजे तलावाची अजून नाही. मग ते परत यायचे. ज्या दिवशी तलावाची मासोळी पुन्हा बाजारात येईल त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आपण व्हायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात असावं.

नंतर तब्येत ढासळली आणि मुलीनं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. निघायच्या आधी बुधवार आला. काकू म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जरा सोबत जा, चालताना तोल जातो." मी गेले. साहेब पिंपळाखाली पोचले, पण आता उकिडवं बसणं होत नव्हतं, म्हणून वाकून उभे राहिले. बर्फाच्या खोक्यामागे ओल्या पोत्याखाली काहीतरी हलत होतं. साहेबांच्या नाकानं ते ओळखलं. आपल्या तलावाची मागूर.

"आली का?" ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. "विकाले आनली?"

"नाही जी. घरासाठी."

"घरी कवापासून खाऊन राह्यले?"

यशोदाबाईला प्रश्नच समजला नाही. "कवापासून म्हंजे? आमी कवा सोडली?" ती म्हणाली. "तुमी पाळीवर सांगतलं, ते गावासाठी. बाजारात नाही खपली तं घरीच आली. भाजी कोठून आनाव? माहे नातू तेच खातेत रोज." त्यात तक्रार नव्हती. सहज सांगत होती, हात बर्फातले मासे वरखाली करत होते.

 साहेबांनी डब्याची कडी काढली, झाकण उघडलं आणि डबा पोत्यापाशी धरला. "टाक," म्हणाले.

"नाही देत, साहेब."

"टाक म्हनतो ना."

"नाही," ती म्हणाली. "तुमची तब्येत नाही. घरी जा."

ते डबा धरून उभेच राहिले. मी दंडाला हात लावला तेव्हा वळले. परत येताना एका हातात उघडा डबा आणि दुसऱ्या हातात झाकण. बाजारातली माणसं जुन्या सवयीनं डब्यात डोकावून पाहत होती. दोघा-तिघांनी हाक मारून विचारलं, "काय घेतलं साहेब?" ते चालत राहिले. दारापाशी आल्यावर मी म्हटलं, द्या, मी झाकण लावते. त्यांनी लावू दिलं नाही. ते तसेच आत गेले आणि मी माझ्या घरात आले. आतून फ्लशचा आवाज आला. माझा मुलगा म्हणाला, "गेलं तलावाले." भिंतीपलीकडे साहेब अंगणातच उभे होते.